बांधलेला धातू

हायड्रोजनेशनची बॅच गाळून झाली की फिल्टरवरचा काळा केक कोरडा पडू द्यायचा नाही. हा नियम मला पुस्तकातून कळला नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात नोकरीला लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. रात्रपाळी होती, बॅच मेथॅनॉलमधली होती. व्हॅक्यूम तसाच चालू ठेवून ऑपरेटर चहाला गेला आणि मी लॉगबुक भरत बसलो. उठून पाहतो तो केकला भेगा गेलेल्या, आणि एका भेगेच्या कडेनं उदबत्तीच्या टोकासारखा लाल ठिपका हळूहळू पुढे सरकतोय. खरं सांगायचं तर मी बघत उभा राहिलो. मागून आलेल्या ऑपरेटरनं मला कोपरानं बाजूला सारलं, पाण्याची बादली केकवर उपडी केली आणि म्हणाला, "साहेब, हिला तहानलेली ठेवायची नाही." मेथॅनॉलची ज्योत उजेडात नीट दिसतही नाही, हे मला नंतर कळलं.

ती काळी पावडर म्हणजे कोळशावर बसवलेलं पॅलॅडियम. बाजारात ती बहुधा ५ टक्क्यांची मिळते, आणि पेट घेऊ नये म्हणून निम्मं पाणी घातलेली. म्हणजे किलोभर ओल्या मालात अर्धा किलो पाणी, पावणेपाचशे ग्रॅम कोळसा आणि धातू फक्त २५ ग्रॅम. एवढ्या पॅलॅडियमचा गोळा वळला तर तो लहानशा बोराएवढा होईल. त्याचा पृष्ठभाग दोन बोटांनी झाकता येईल. तोच धातू तीन नॅनोमीटरच्या कणांत वाटून टाकला तर पृष्ठभाग भरतो सुमारे चाळीस गुंठे, म्हणजे एक एकर. हा पसारा मांडायला जागा देतो तो कोळसा. त्याच्या एकेका ग्रॅमच्या नावावर, आतली छिद्रं धरून, हजारेक चौरस मीटर म्हणजे दहा गुंठे जमीन असते. नवी मुंबईत हे कुणाला सांगू नये.

धातू महाग आहे, म्हणून तो पसरायचा. आणि महाग आहे म्हणूनच काम झाल्यावर गाळून परत घ्यायचा. घन आधारावर धातू का बसवतात, असं एम.एस्सी.च्या मुलांना विचारलं तर हीच दोन कारणं येतात. आमच्या पिढीला तेवढीच शिकवली होती. प्रस्तुत पुस्तकाची लेखिका या दोन कारणांना पहिली चार पानं देते आणि पुढे निघून जाते. तिचा सगळा जोर तिसऱ्या गोष्टीवर आहे. धातू ज्यावर बसवला तो आधार, आणि ज्या धाग्यानं बांधला तो धागा, हे दोघं मिळून अभिक्रिया कुठे थांबायची, कुठल्या बाजूनं व्हायची आणि कोणत्या रेणूला आत घ्यायचं हे ठरवतात. जेवणाचा पाट आणि जेवणारा असा हा संबंध नाही. पाटच मध्येच उठून वाढायला लागतो. ते कसं होतं, कधी होतं आणि कधी झाल्याचा नुसता भास होतो, हा या पुस्तकाचा विषय आहे.

लेखिका माझी विद्यार्थिनी. पंधरा-सोळा वर्षं कारखान्यात काढून ती लिहायला बसली, त्यामुळे तिच्या भाषेत प्रयोगशाळा आणि प्लांट दोन्ही आहेत. बर्झेलियसनं १८३५ साली 'कॅटॅलिसिस' हा शब्द घडवला. मराठीत आपण त्याला उत्प्रेरण म्हणतो आणि ते करणाऱ्याला उत्प्रेरक. पण कुठल्याही एमआयडीसीत "उत्प्रेरक संपत आलाय" असं म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. तिथे कॅटॅलिस्टच संपतो. तिनं दोन्ही शब्द वापरले आहेत, जिथे जो तोंडात बसेल तो. मीही तेच करतो.

निवडक अभिक्रिया म्हणजे काय, हे समजायला डालड्यासारखं उदाहरण नाही. पिवळा डबा, त्यावर हिरवं ताडाचं झाड; १९३७ साली तो आपल्याकडच्या बाजारात आला आणि साजूक तूप न परवडणाऱ्या घरांत पुढची पन्नास वर्षं मांडणीवर बसून राहिला. त्यामागचं रसायनशास्त्र फ्रान्सच्या पॉल सबातिएचं. निकेलच्या बारीक भुकटीवर हायड्रोजन दुहेरी बंधांना जोडता येतो, हे त्यानं दाखवलं आणि १९१२ चं नोबेल मिळवलं. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मननं १९०२ मध्येच ते द्रवरूप तेलांना लागू करण्याचं पेटंट घेतलं होतं. कारखान्यात निकेल बसवतात ते बहुधा डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांची जी माती असते तिच्यावर. आता गंमत अशी, की तेलातले सगळे दुहेरी बंध भरून टाकले तर हाताला मेणबत्ती लागते. वनस्पती तूप हवं तर मध्येच थांबावं लागतं. आणि थांबताना एक भलतीच गोष्ट होते. एक हायड्रोजन घेतलेला, दुसरा अजून न मिळालेला रेणू निकेलवर क्षणभर अर्धवट बसलेला असतो. त्यातून तो मागे फिरला, घेतलेला हायड्रोजन सोडून पुन्हा दुहेरी बंध झाला, तर वळताना कूस बदलतो: निसर्गातला सिस बंध ट्रान्स होतो. हेच ते ट्रान्स फॅट. तेलातुपातलं त्याचं प्रमाण २ टक्क्यांवर आणण्याचा नियम आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं जानेवारी २०२२ पासून लागू केला. आपल्या स्वयंपाकघरात एक निवड चुकत होती, आणि ती चुकते आहे हे कळायला कित्येक दशकं गेली.

तोच अर्ध्यावर थांबण्याचा खेळ नीट जमवलेला पाहायचा असेल तर या पुस्तकाचं तिसरं प्रकरण आधी वाचा. मी तरी तिथूनच सुरुवात करीन.

बाझल शहरात हॉफमान-ला रोश या कंपनीत 'अ' जीवनसत्त्वाच्या संश्लेषणाचं काम चालू होतं. वाटेत एके ठिकाणी रेणूत एक तिहेरी बंध आणि बरेच दुहेरी बंध होते. तिहेरीचा दुहेरी करायचा, तोही सिस, आणि बाकीच्या कुणाला हात लावायचा नाही. कोळशावरचं पॅलॅडियम अशा वेळी भुकेल्या माणसासारखं सगळं ताट साफ करतं. हर्बर्ट लिंडलारनं १९५२ साली जो उपाय प्रसिद्ध केला तो ऐकायला उफराटा वाटतो: चांगला कॅटॅलिस्ट घ्यायचा आणि तो बिघडवायचा. त्यानं पॅलॅडियम खडूवर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या भुकटीवर बसवलं. मग त्याला लेड ॲसिटेटच्या द्रावणात उकळून शिशाची बाधा केली. अभिक्रियेच्या वेळी वर थोडं क्विनोलीन घातलं.

शिसं काय करतं? तिहेरी बंध पॅलॅडियमला फार घट्ट धरतो, दुहेरी त्या मानानं सैल. धातूच्या बऱ्याचशा जागा शिशानं आणि क्विनोलिननं अडवल्या, की उरलेल्या जागा तिहेरीवाले पटकावतात. ज्याचं काम झालं, ज्याचा दुहेरी बंध तयार झाला, तो रेणू ढकलला जातो आणि त्याला परत चढायला जागा मिळत नाही. दोन्ही हायड्रोजन धातूच्या पृष्ठभागाकडून, एकाच बाजूनं येतात, म्हणून मिळतो तो सिस. इथवर कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. लेखिकेनं पुढे विचारलं आहे: खडूच का? आणि उत्तर असं दिलं आहे की इथे दहा गुंठे जमीन नकोच असते. सच्छिद्र कोळशाच्या खोल बिळात तयार झालेला दुहेरी बंध बाहेर पडेपर्यंत वाटेत चार धातूकणांना भेटतो आणि एखाद्याच्या तावडीत सापडतोच. खडूला अशी बिळं जवळपास नाहीत. शिवाय तो आम्लधर्मी नाही, त्यामुळे नाजूक रेणूंची मोडतोड होत नाही. विषाचं श्रेय शिशाला सगळे देतात, खडूला कुणी देत नाही, तिनं दिलं.

हा प्रयोग मी अनेक वर्षं विद्यार्थ्यांकडून करवून घेतला, आणि त्यासाठी ३-हेक्झाइन-१-ऑल हे अल्कोहोल मुद्दाम निवडलं. वायूच्या ब्युरेटमध्ये हायड्रोजन भरायचा, ढवळणं सुरू करायचं आणि पाण्याची पातळी कशी चढते ते दर मिनिटाला लिहायचं. दहा मिलिमोल घेतले असतील तर सुमारे २४० मिलिलिटर हायड्रोजन जाईपर्यंत पातळी एकसारखी चढते. मग ती रेंगाळते. पूर्ण थांबत नाही, रेंगाळते. तेवढ्यात नळ बंद करायचा. जो मोबाइल बघत बसला त्याचा माल पुढे सरकला. नळ बंद करून फ्लास्कचं बूच काढलं, की पहिल्या पावसानंतर मैदानावर गवत कापतात तेव्हाचा वास खोलीभर होतो. कापलेल्या गवताला जो हिरवा वास येतो त्यातला एक मुख्य घटक हाच, सिस-३-हेक्झेनॉल. आणि अत्तरवाल्यांसाठी तो औद्योगिक प्रमाणावर बनतो तोही याच मार्गानं. खडू, शिसं आणि पॅलॅडियम यांतून गवत! वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगासुद्धा त्या दिवशी प्रश्न विचारतो.

बेरियम सल्फेटवरचं पॅलॅडियम, रोझेनमुंडचं १९१८ चं काम, हेही याच कुळातलं. त्यावर मी थांबत नाही. पण रेशमाची गोष्ट सांगायलाच हवी. जपानमध्ये ओसाका विद्यापीठात शिरो आकाबोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली पॅलॅडियम बसवलं चक्क रेशमाच्या धाग्यावर. कल्पना अशी: रेशीम हे प्रथिन, प्रथिनं एकाच हाताच्या अमिनो आम्लांची बनलेली, मग त्यावर बसलेल्या धातूलाही डावं-उजवं कळेल. आणि कळलं. एकाच हाताकडे झुकलेली अमिनो आम्लं त्यांना मिळाली. आधार नुसता जागा देत नाही, शिकवतोही, याचा इतका काव्यमय पुरावा नंतर फारसा कुणी दिला नाही. अडचण एवढीच की रेशीम बदललं की निकाल बदलायचा. येवल्याच्या पैठणीवाल्याला विचारलं असतं तर त्यानं हे आधीच सांगितलं असतं. त्याच चमूतले योशिहारु इझुमी पुढे रेशीम सोडून निकेलकडे वळले आणि त्यावर त्यांनी टार्टारिक आम्ल चढवलं, तेच जे चिंचेत असतं. ते मात्र टिकलं.

इथपर्यंतचा सगळा धातू कणांच्या रूपात होता, आणि कण म्हणजे गर्दी. एकाच कणावर कोपऱ्यातले अणू, कडेचे अणू, सपाट भागावरचे अणू असतात. प्रत्येकाचा स्वभाव निराळा. १९६५ च्या सुमारास जेफ्री विल्किन्सन यांच्या प्रयोगशाळेतून ऱ्होडियमचं एक लालसर संयुग आलं. त्यात धातूचा एकच अणू होता, भोवती तीन फॉस्फिन आणि एक क्लोरिन. ते द्रावणात विरघळायचं आणि सगळे रेणू सारखे असल्यामुळे सारखंच वागायचं. निवड उत्तम, पण विरघळलेलं गाळणार कसं? मालातून ते काढायचं तर ऊर्ध्वपातन करा, आणि त्या तापमानाला संयुग मोडतं. एकीकडे गाळता येणारी काळी गर्दी, दुसरीकडे न गाळता येणारा शहाणा एकटा. या दोघांचं लग्न लावायचं, ही या क्षेत्राची साठ वर्षांची खटपट आहे.

मध्यस्थी केली ती पॉलिस्टायरिनच्या मण्यांनी. ब्रूस मेरीफिल्डनं १९६३ मध्ये अशाच मण्यांवर पेप्टाइड एकेक दुवा जोडत बनवायची पद्धत काढली होती. तिला १९८४ चं नोबेल मिळालं. मग मण्यावर पेप्टाइडऐवजी फॉस्फिन लावलं आणि त्याला ऱ्होडियम धरायला दिलं तर? मिशिगनमध्ये रॉबर्ट ग्रब्ज आणि क्रोल यांनी १९७१ साली तेच केलं. हे मणी दिसायला बारीक रव्यासारखे. बेंझिनमध्ये टाकले की साबुदाण्यासारखे फुगतात, आणि फुगले तरच आतला धातू कामाला येतो. साबुदाणा भिजवताना पाणी कमी पडलं की मधे खडा राहतो, तसंच मण्यातल्या साखळ्यांना आडवे टाके जास्त घातले तर आत कुणी शिरूच शकत नाही. मेथॅनॉलमध्ये हे मणी फुगतच नाहीत. कित्येक मुलं नेमका तोच द्रावक घेतात आणि कॅटॅलिस्ट खराब आहे म्हणून सांगत येतात.

ग्रब्जनी जे पाहिलं ते असं. सायक्लोहेक्झिनसारखा छोटा रेणू मण्यात जाऊन सुखानं हायड्रोजन घेऊन यायचा. कोलेस्टिनसारखा, स्टेरॉइडच्या चार कड्यांचा धिप्पाड रेणू त्याच मण्यात कित्येक पटींनी मंद पडायचा, कारण तो दारातच अडकायचा. विरघळलेल्या ऱ्होडियमला हा फरक जेमतेम जाणवत होता. म्हणजे आकार बघून आत सोडण्याची अक्कल ऱ्होडियमची नव्हती, मण्याची होती. दोनच वर्षांनी त्यांनी टायटॅनियमच्या एका संयुगावर याची उलट बाजू दाखवली. त्या संयुगाचे रेणू द्रावणात एकमेकांना चिकटून निकामी व्हायचे. मण्यावर दूरदूर बांधल्यावर त्यांची भेटच होईना, आणि काम वाढलं. ग्रब्जना २००५ साली नोबेल मिळालं ते दुसऱ्याच कामासाठी, पण माझ्या मते हे दोन छोटे प्रयोग तितक्याच कौतुकाचे आहेत.

बांधण्याचा तिसरा प्रकार धाग्याविना आहे, आणि त्याचा एक महत्त्वाचा धडा पुण्यात, पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गिरवला गेला. वाय-झिओलाइट नावाच्या खनिजसदृश पदार्थात सुमारे १.३ नॅनोमीटरच्या खोल्या असतात आणि त्यांची दारं ०.७४ नॅनोमीटरची. थॅलोसायनिन हा चपटा, रुंद रेणू त्या दारातून जाणं शक्य नाही. पण दारातून आधी तांब्यासारख्या धातूचा आयन आत सोडला, मागून थॅलोनायट्राइलचे लहान चार रेणू पाठवले आणि तापवलं, तर ते आतल्या आत धातूभोवती हात धरून थॅलोसायनिन होतात. आता बाहेर यायची सोय नाही. वेलीवरचं कोवळं फळ बाटलीत घालून वाढवावं तसं. पॉल रत्नसामी आणि रॉबर्ट राजा यांनी अशा कोंडलेल्या थॅलोसायनिनांवर हायड्रोकार्बनच्या ऑक्सिडीकरणाचं काम नव्वदच्या दशकात केलं. इथे गाठ नाहीच, त्यामुळे ती सुटण्याचा प्रश्न नाही. रेणू तुटला तरच धातू निसटेल.

त्याच संस्थेत रघुनाथ चौधरी यांच्या गटानं मात्र घन पदार्थच टाळून पाहिला. जर्मनीत ओबरहाउझेन इथे १९८४ पासून ऱ्होडियमला पाण्यात विरघळणाऱ्या फॉस्फिननं बांधून पाण्यात ठेवतात आणि वरच्या तेलकट थरात माल बनतो. गाळायची गरज नाही, थर वेगळे केले की झालं. पण तेलकट रेणू लांब साखळीचा असला तर तो पाण्याकडे फिरकतच नाही. चौधरी, भालचंद्र भानगे आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं, की वरच्या थरात साधं ट्रायफेनिलफॉस्फिन टाकलं तर ते पाण्यातल्या ऱ्होडियमला सीमेपर्यंत ओढून आणतं आणि वेग कित्येक पटींनी वाढतो. भानगे पुढे माटुंग्याच्या आयसीटीत शिकवायला गेले. हा भाग पुस्तकात तीनच पानांचा आहे. मला तो अपुरा वाटला.

आणि जो मला जास्त वाटला, तोही सांगतो. चुंबकानं ओढून काढता येणाऱ्या लोहकणांवर धातू बसवण्याला लेखिकेनं एक अख्खं प्रकरण दिलं आहे. फ्लास्कला बाहेरून चुंबक लावला की काळी पावडर भिंतीला येऊन चिकटते, हे बघायला छान आहे. पण ज्या प्लांटमध्ये फिल्टर प्रेस आहे तिथे या सोयीची किंमत किती, हा प्रश्न तिनं त्या प्रकरणात विचारायला हवा होता. एरवी ती तो दर पानावर विचारते.

किमतीचा हा प्रश्न किती निर्दय असतो याचं उदाहरण तिनं स्वतःच दिलं आहे. मेटोलाक्लोर नावाचं तणनाशक एकाच हाताचं बनवण्यासाठी स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगीत इरिडियमचं संयुग वापरायचं ठरलं. त्याच संयुगाचं फॉस्फिन सिलिकावर आणि पॉलिमरवर बांधूनही पाहिलं होतं, आणि बांधलेलं कामही करत होतं. तरी १९९६ मध्ये उत्पादन सुरू झालं ते विरघळलेल्या इरिडियमवर. कारण साधं होतं. इरिडियमच्या एका अणूमागे दहा लाखांहून जास्त रेणू तयार होत होते. इतक्या कमी धातूला परत आणायचा खर्च धातूपेक्षा जास्त. वर्षाला दहा हजार टनांवर जाणारी ही प्रक्रिया या क्षेत्राची शान म्हणून दाखवतात, आणि तिच्यात आधार नाही! आधारावर पुस्तक लिहिणाऱ्या बाईनं हे इतक्या मोकळेपणानं लिहावं, हे मला आवडलं.

आता तक्रारीकडे येतो. आपल्या विद्यापीठांमधून, आणि बाहेरूनही, दर आठवड्याला नवा बांधलेला कॅटॅलिस्ट जाहीर होतो. शेवटी एक आलेख असतोच: पाच वेळा वापरला, पाचही वेळा ९८-९९ टक्के माल. यावरून तो टिकाऊ ठरवतात. पण अभिक्रिया दोन तासांत संपत असेल आणि तुम्ही ती बारा तास ठेवत असाल, तर चारपंचमांश कॅटॅलिस्ट मेला तरी माल ९९ टक्केच मिळेल. दहा माणसांच्या पंगतीला शंभर माणसांचा स्वयंपाक केला तर आचारी कितीही वाईट असला तरी कुणी उपाशी उठत नाही. खरी परीक्षा घ्यायची तर अभिक्रिया निम्म्यावर असताना वेग मोजा, दर खेपेला मोजा. लेखिकेनं हे सातव्या प्रकरणात आकृत्यांसह मांडलं आहे, आणि परीक्षकांनी तेवढं प्रकरण वाचलं तरी पुष्कळ झालं.

त्याहून खोलातला प्रश्न म्हणजे धातू खरंच बांधलेला राहतो का. रॉजर शेल्डन आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली ऑक्सिडीकरणाच्या अशा कॅटॅलिस्टांवर लेख लिहिला तेव्हा शीर्षकातच विचारलं, की हे परीस आहेत की ट्रोजन घोडे. चाळणीसारख्या खनिजांत बसवलेलं क्रोमियम हळूच द्रावणात उतरतं आणि उतरलेलंच काम करतं, असं त्यांना दिसलं होतं. औषधांच्या बाबतीत हे निसटणं नुसतं शास्त्रीय कुतूहल राहत नाही. तोंडावाटे घ्यायच्या औषधातून पॅलॅडियम दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या वर पोटात जाता कामा नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्र आहे. किलोभर मालात दहा मिलिग्रॅम धातू आला तरी क्यूसीवाले बॅच अडवतात, आणि मग तोच माल पुन्हा कोळशातून गाळत बसा.

निसटलेल्या धातूची ताकद किती, याची कल्पना हेक अभिक्रियेतून येते. तीच, जिच्यासाठी रिचर्ड हेक यांना २०१० च्या नोबेलचा वाटा मिळाला. नेदरलँड्सच्या योहानेस दे फ्रीस यांनी दाखवलं, की हिच्यात पॅलॅडियम जितकं कमी घालावं तितका त्याचा एकेक अणू जास्त काम करतो, कारण जास्त घातलं की अणू गोळा होऊन काळे कण बनतात आणि तळाशी बसतात. त्यांनी या मात्रेला गमतीनं होमिओपॅथिक म्हटलं. आपल्याकडे दर गल्लीत साबुदाण्याच्या गोळ्या देणारे डॉक्टर असल्यामुळे हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. पण त्याचा अर्थ असा, की आधारावरून हजारातला एक अणू जरी सुटला तरी सगळं काम तोच उरकू शकतो, आणि श्रेय बांधलेल्या नऊशे नव्व्याण्णवांना जातं.

हे मी इतक्या ठामपणे लिहितोय कारण मी स्वतः त्यात सापडलो होतो.

लेखिका तेव्हा माझ्याकडे एम.एस्सी.चा प्रकल्प करत होती. सिलिकावर फॉस्फिनचा धागा लावून त्याला पॅलॅडियम बांधायचं, असा माझा कॅटॅलिस्ट. आयोडोबेंझिन आणि ब्यूटिल ॲक्रिलेट, डीएमएफ या द्रावकात, १२० अंशांना. फिकट पिवळी पावडर, सुरेख माल, पाच खेपा, तो पाच खांबांचा आलेखही. मी गाळणीची परीक्षाही घेतली होती: अभिक्रिया निम्म्यावर आली की फ्लास्क गार करायचा, पावडर गाळायची आणि स्वच्छ द्रव पुन्हा तापवायचा. द्रव मेल्यासारखा पडून राहिला. म्हणजे धातू सगळा पावडरीवर. निबंध टाइप झाला होता.

ती म्हणाली, "सर, गार का करायचं? गरम असतानाच गाळून पाहू का?"

मी जरा चिडलो. डीएमएफ १२० अंशांना गाळायचं म्हणजे काचेची गाळणी आधी भट्टीत तापवा, सेलाइटचा थर तापवा, हातमोजे घालून नायट्रोजनखाली ओता. तिनं ते सगळं केलं. मी घरी गेलो.

गार केल्यावर काय होतं ते आता कुठल्याही पुस्तकात सापडेल. आयोडोबेंझिन धातूला पृष्ठभागावरून उचलून द्रावणात नेतं. तिथे काम चालतं. तापमान उतरलं किंवा आयोडोबेंझिन संपलं, की धातू गुपचूप घरी येऊन बसतो. मी दार उघडायच्या आधी बेल वाजवत होतो आणि आत सगळे शहाण्यासारखे बसलेले पाहून खूश होत होतो. तिनं बेल न वाजवता दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तेव्हा ती गॅस क्रोमॅटोग्राफसमोर बसली होती. गरम गाळलेला तो काचेसारखा स्वच्छ द्रव रात्रभर तेलाच्या बाथमध्ये होता, त्यात पावडरीचा कणही नव्हता, आणि कागदावर आयोडोबेंझिनचं शिखर नाहीसं झालं होतं. तिनं कागद फाडून माझ्यापुढे ठेवला आणि काही बोलली नाही. टाइप केलेला निबंध अजून माझ्या खणात आहे.

ही हकिगत सातव्या प्रकरणाच्या सुरुवातीला तिनं दीड पानात लिहिली आहे. तिथे "एका प्रयोगशाळेत" असं म्हटलं आहे. ती माझी.